तुमचं थर्मामीटर, माझं मशीन

अण्णा, तुमचं थर्मामीटर अजून स्वयंपाकघरातल्या फळीवरच आहे, हळदीच्या डब्यामागे. काल लोधीपुऱ्यातल्या घरी आले आणि पाणी प्यायच्या आधी ते हुडकलं. ताप आलाय का, आईने विचारलं. नाही म्हटलं.

माझं काम तुम्हाला कधी धड सांगता आलं नाही. शरीरातलं पाणी पेशींच्या पातळ पडद्यातून सारखं आत-बाहेर करत असतं. ते किती वेगाने, हे चिरफाड न करता एमआरआयवर मोजायचं. अडचण अशी, की वाहतं रक्त आणि माणसाची जराशी हालचालही त्यातच मोजली जाते. ती वेगळी काढायची रीत बसवण्यात माझी वर्षं गेली. नवी रीत आम्ही आधी स्वतःवरच करून बघतो, म्हणून या वेळी मी मशीनमध्ये झोपले. डोक्यात उजव्या बाजूला, एका लहानशा जागेत, पाणी भलत्याच वेगाने जातंय. नेहमीच्या स्कॅनमध्ये तिथे काहीच दिसत नाही. मी हलले असेन म्हणून पुन्हा झोपले. तिथेच, तेवढंच. बरोबरचे बाकी सगळे त्याच मशीनमध्ये ठीक निघाले. आता रीत खरी असेल तर माझ्या डोक्यात काहीतरी बिघडतंय, आणि मी धडधाकट असेन तर एवढी मेहनत फुकट. डॉक्टरांनी उद्या इंदूरला औषध टोचून स्कॅन करायला बोलावलंय. मला भीती वाटते, अण्णा. आईला यातलं काही माहीत नाही.

तुम्ही पेपर मिलच्या प्रयोगशाळेत मशीनवर कागदातला ओलावा तपासायचात. लहानपणीची एक थंडी आठवते: सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन मी तिथे येते. साहेबांना आकडा पटलेला नाही, ते मशीनच्या नावाने खेकसत निघून जातात, आणि तुम्ही तोच आकडा लिहून माझ्याकडे वळता.

"आकडा आवडला नाही म्हणून मशीन खराब नाही होत, बेटा."

त्याच थंडीत तुम्हाला रोज संध्याकाळी ताप यायला लागला, आणि रोज तुम्ही झटकून म्हणायचात, थर्मामीटरच खराब आहे. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. मला त्याचा अजून राग येतो.

आज कच्ची केळी चिरता चिरता आई म्हणाली, "काय झालं ते सांग ना. तुझे अण्णा पण असेच चुप बसायचे."

इंदूरला मी जाणार आहे. पण सकाळपासून लॅपटॉप उघडून माझ्याच रीतीत चूक शोधत बसलेय, आणि ती सापडत नाहीये. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आईला मी म्हटलं, काही नाही गं, कामावरचं मशीन जरा खराब झालंय.