कंट्रोलचा ठोकळा

सोमवार, ८
ठोकळा नखाएवढा उरलाय. फार तर पंधरा काप निघतील. आमच्या लॅबमधल्या जुन्या टेक्निशियन काकांनी निवृत्त होताना माझ्या हातात दिला होता — घरातला दागिना सोपवावा तसा! आणि दागिना कसला? मेणात बसवलेला कुणाच्या तरी फुफ्फुसाचा तुकडा, जंतूंनी गच्च भरलेला. तोच आमचा कंट्रोल. रोग्यांच्या स्लाइडबरोबर त्याचाही एक काप रंगवायचा. त्यातले जंतू जांभळे दिसले, तरच बाकीच्या स्लाइडवर विश्वास ठेवायचा. 'एक वेळ जेवण चुकव, हा चुकवू नकोस,' काका म्हणायचे. वीस वर्षं काकांनी त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी त्यांना चिकट म्हणायचे.

आता मीच चिकट झालेय. जपून वापरायला हवा.

मंगळवार, ९
आज एकच स्लाइड. एका गृहस्थांच्या हृदयाची झडप, ऑपरेशनमध्ये काढलेली. एकासाठी कंट्रोल कशाला खर्चायचा? कालचा तर झकास आला होता. नाही लावला.

आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग रंग उतरवायचा द्राव — नवी बाटली फोडली — आणि शेवटी गुलाबी. सगळं गुलाबीच दिसलं. जांभळा ठिपका औषधालाही नाही.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलता विचारलं, 'कंट्रोल ठीक?'

'ठीक,' म्हटलं.

कालचा ठीकच होता की!

बुधवार, १०
रिपोर्ट न्यायला त्या गृहस्थांची मुलगी खिडकीवर आली होती. 'जंतू आढळले नाहीत' यावर बोट ठेवून म्हणाली, 'म्हणजे चांगलंच ना, ताई?'

'हो, चांगलंच.'

'सुटले बाबा! सुयांनी हाताची चाळण झालीय. आता ती जंतूंवरची इंजेक्शनं बंद करतील म्हणे.' जाताना दोनदा मागे वळून हसली. मीही हसले.

शुक्रवार, १२
आज चार स्लाइड होत्या, म्हणून कंट्रोल लावला.

कंट्रोल गुलाबी आला. पूर्ण गुलाबी! ज्या तुकड्यात वीस वर्षं जांभळे जंतू दिसले, त्यात एक नाही. रंग उतरवायच्या द्रावाची नवी बाटली उचलून लेबल वाचलं. आधीच्या बाटलीत अर्धं अल्कोहोल असायचं, ही निव्वळ ॲसिटोन. मी आपली सवयीने दहा मोजतेय, आणि हिचं काम तीनलाच उरकतं; पुढच्या सातांत हिने जंतूंचाही जांभळा धुऊन नेला. जंतू तिथेच होते, पण गुलाबीत गुलाबी. दिसणार कसे?

झडपेच्या ठोकळ्यातून नवी स्लाइड कापली. पुन्हा रंगवली, तीन मोजून काढली. जंतूंचे घोसचे घोस. जांभळे.

मॅडमसमोर दोन्ही स्लाइड ठेवल्या आणि सांगून टाकलं — मंगळवारी कंट्रोल लावलाच नव्हता, मी खोटं बोलले. त्या ओरडल्या नाहीत. आधी वॉर्डला फोन केला. औषध कालच बंद झालं होतं, आज सकाळपासून ताप. लगेच सुरू करायला सांगितलं. फोन ठेवून म्हणाल्या, 'नव्हता लावला म्हणाली असतीस, तर मी परत रंगवायला लावलं असतं. एवढंच झालं असतं.'

एवढंच.

शनिवार, १३
ताप उतरलेला नाही. दोनदा विचारलं.

रविवार, १४
आईच्या नजरेतून काही सुटत नाही. 'भाजीत मीठ नाही, पोळी करपली, झालंय काय तुला?' काही नाही म्हटलं. म्हणजे आणखी एक खोटं. आता सवयच लागेल!

देवावर माझा फारसा विश्वास नाही. पण आज हात जोडले.

मंगळवार, १६
ते गेले.

गुरुवार, १८
मॅडमनी वरिष्ठांना लेखी कळवलंय. माझी चौकशी होईल. होऊ दे.

आज त्यांच्या मुलीला बोलावून सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, 'मी सांगते.' मी म्हटलं, नको, खोटं मी बोलले, मीच सांगणार. तिने विचारलं, 'औषध चालू असतं तर वाचले असते?' मॅडम म्हणाल्या, 'नक्की सांगता येत नाही. कदाचित.' मग ती माझ्याकडे वळली. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

'तुम्ही तर चांगलंच म्हणाला होतात, ताई.'

सोमवार, २२
जुना ठोकळा संपला. मॅडम म्हणाल्या, नवा तूच निवड. मी झडपेचा निवडला. आता आधी त्यांची स्लाइड, मग बाकीच्यांच्या. रोज.

हे सांगायला काकांना फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रागावतील वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, 'तो फुफ्फुसाचा ठोकळा कुणाचा, कधी विचारलं नाहीस.'

'कुणाचा, काका?'

'मीही एकदा ठीक म्हणालो होतो, पोरी.'