पुठ्ठ्यावरची टिकली

बमरोली, सुरत
रविवार, १४ जून १९९८

चि. सुषमास इंदुआत्याचे पोटभर आशीर्वाद.

निंबाचा गुडघा कसा आहे? शेक घेतो, की नुसतं घेतो म्हणतो? माझा भाऊ आहे, मला माहीत आहे. सरलावहिनींची दाढ काढली का, की अजून लवंगेवरच भागवणं चालू आहे? तांबडी गाय चरायला लागली का? आणि तू? बारावीला एवढे मार्क मिळवूनही तुझ्या पत्रातल्या ओळी सगळ्या खाली उतरत गेल्यात. खचलेल्या मनाची माणसं तसं लिहितात. माझं म्हणशील तर चष्म्याचा नंबर वाढला, बाकी गाडी रुळावर आहे.

आता तुझी भूक भागवते. मे महिन्यात तू इथून गेलीस, पण रविवारी दहाला आपलं ते तीन चंद्रांचं जपानी कार्टून मी सोडलेलं नाही. कारखान्याचा माणूस कामाचं विचारायला आला होता. मला टीव्हीसमोर बघून म्हणाला, मावशी, या वयात कार्टून? मी म्हटलं, तू साडेदहानंतर ये.

चोविसावा भाग झाला. मियो तिच्या उडत्या नावेतून समुद्राच्या तळाशी पोचली, त्या भविष्य सांगणाऱ्या यंत्रापाशी. तुला आठवतं ना, सगळं जग त्या यंत्राला देव मानतं. ते बोललं की पुजारी मान खाली घालतात. तर आज पहिल्यांदा दाखवलं ते बोलतं कसं. त्याच्या तोंडातून एक लांब पट्टी निघते, आणि पट्टीवर काय, तर भोकं! मी जागची उठले. अगं, हा तर आपला धंदा. तेवीस वर्षं मी नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाचे पुठ्ठे पाडते आहे. ग्राफवर एक ओळ, तिचा एक पुठ्ठा. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. बघणाऱ्याला वाटतं मागानं आपोआप मोर विणला. मोर मी विणलेला असतो, आदल्या आठवड्यात, इथं जमिनीवर बसून.

पट्टीवर निघालं काय, की मियोनं तिसऱ्या चंद्राचा दरवाजा उघडला तर ज्यानं तिला वाढवलं त्या म्हाताऱ्या मिस्त्रीची राख होईल. पोर रडते आहे. मी टीव्हीला सांगितलं, अगं रडू नको, आधी विचार की ही भोकं पाडली कोणी.

सोबत कॉलेजचा फॉर्म आहे. कापडाच्या डिझाईनचा डिप्लोमा, तीन वर्षं, राहायचं माझ्याकडे. शेवटची तारीख १० जुलै. बापाची सही लागते. कॉलेज तापीपलीकडे आहे हे मी लपवत नाही. आपली गाडी दोंडाईचाहून उधन्यापर्यंत नदीच्या अलीकडूनच येते, म्हणून तू सुट्टीत येऊ शकलीस. पण पुलापलीकडे तुला कधी नेऊ दिलं नाही निंबानं. मुलीनं तापी ओलांडली तर बाप जाईल, असं पत्रिका मांडणाऱ्या गुरुजींनी पाळण्यातच लिहून ठेवलं ना. हा फॉर्म आणि हे पत्र दोन्ही त्याच्यापुढे वाच, मोठ्यानं.

तुझी
इंदुआत्या

*

निमगूळ
२० जून १९९८

ती. आत्याबाईंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबांचा गुडघा तसाच आहे. आईची दाढ निघाली. गाय चरते.

पत्र मोठ्यानं वाचलं. फॉर्मचं ऐकून बाबा गुरुजींना विचारायला गेले. गुरुजी म्हणाले, लिहिलेलं लिहिलेलंच असतं. बाबा घरी आले आणि फॉर्म पंचांगाखाली ठेवला. आईनं विषय काढला तर म्हणाले, मला मरणाची भीती नाही, पण पोरीच्या कपाळी बापाला खाल्ल्याचा शिक्का नको. लोक जन्मभर तिला तेच म्हणतील. उद्या खरंच काही झालं तर मीच मला तेच म्हणेन, आत्या.

पण एक गंमत. मियोचं वाचताना बाबा ओट्यावर दोरी वळत होते. भोकांचं आलं तेव्हा हात थांबले. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं मग काय होतं. मी म्हटलं, अजून दोन भाग आहेत, शेवटचा २८ तारखेला. त्यावर म्हणाले, त्याच रविवारी मला बियाण्याला दोंडाईचाला जायचंय. बियाणं शेजारचे आनंदाकाका आणणार होते, पण आता स्वतःच जाणार म्हणतात.

शेवट सविस्तर लिहा. बाबा विचारणार नाहीत, पण ऐकणार आहेत.

आपली
सुषमा

*

बमरोली
रविवार, २८ जून १९९८

चि. सुषमास आशीर्वाद.

संपलं एकदाचं. टीव्ही बंद करून लगेच लिहायला बसले आहे. निंबाला जवळ बसव आणि वाच.

मियो दरवाजापाशी उभी आहे. तीन चंद्र एका ओळीत आले. पुजारी ओरडताहेत, मागे फिर. म्हातारा मिस्त्री नावेत बसलाय, काळजी तुझ्या बापासारखी आणि मिशीही तशीच. मियो मागे फिरली खरी, पण घरी नाही, यंत्राकडे. आत शिरली, ती पट्टी हातात घेतली आणि राखेचं भोक शोधून काढलं. खिशातून कागदाचा तुकडा काढला, थुंकी लावली आणि टिकलीसारखा त्या भोकावर चिकटवला. चुकीचं भोक पडलं की आम्ही करतो, अगदी तसंच. यंत्र एकदा खोकलं आणि पुढे चाललं. दरवाजा उघडला. पलीकडे हिरवं रान. मिस्त्रीला काही झालं नाही. त्यानं चहा मागितला.

सुषमा, हे कार्टून आहे हे मला कळतं, मी काही खुळी नाही. पण आमचे हे, तुझे काका, गेले तेव्हा त्यांची पत्रिका याच हातानं पेटीतून काढली होती मी. आयुष्य ऐंशी लिहिलं होतं. माणूस सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, विधिलिखित. म्हणजे खरं झालं तरी विधिलिखित, आणि खोटं झालं तरीही. मग माझ्या दिरांनी पुठ्ठे पाडायचं यंत्र विकायला काढलं, बाईमाणसाला काय जमणार म्हणून. मी यंत्रावर बसले. पहिल्या महिन्यात मोराला तीन पाय आले. दुसऱ्या महिन्यात दोन.

निंबाला सांग, मी थोरली आहे आणि मी सांगते आहे: सही कर.

तुझी
इंदुआत्या

*

निमगूळ
८ जुलै १९९८

ती. आत्याबाईंना नमस्कार.

बाबांनी सही केली. तुमचं पत्र वाचून झाल्यावर त्यांनी पंचांगाखालून फॉर्म काढला. रजिस्टरनं पाठवला आहे, मिळाला असेल.

दुसऱ्या दिवसापासून बाबांना ताप आहे. हुडहुडी भरते, दोन गोधड्या पुरत नाहीत. गल्लीत सगळे कुजबुजताहेत. मी मनात म्हणत होते, मियोचं भोक बुजलं तसं आपलंही बुजेल.

काल दोंडाईचाची रुपाली भेटली, माझ्या वर्गातली. त्यांच्याकडे केबल आहे. तिनंही शेवटचा भाग पाहिला. टिकली कुठेच नव्हती, आत्या. मियोनं दरवाजा उघडला आणि मिस्त्रीची राख झाली.

तुम्ही खोटं लिहिलंत. तेही बाबांना ऐकवायला, माझ्या तोंडून. त्या खोट्यावर सही घेतली आणि आज ते अंथरुणावर आहेत. मी येणार नाही. कॉलेजला तसं कळवा.

सुषमा

*

बमरोली
१२ जुलै १९९८

चि. सुषमा,

आधी कामाचं. पत्र मिळताक्षणी निंबाचं रक्त तपासून घ्या. थंडी वाजून ताप म्हणजे मलेरिया असू शकतो, आणि त्याला औषध आहे. गुरुजींच्या नको, डॉक्टरच्या पायरीवर जा.

आता दुसरं. हो, मी खोटं लिहिलं. त्या रविवारी राख झालेली पाहिली आणि रागानं टीव्ही बंद केला. सव्वीस भाग पोरीला झुंजवलं आणि शेवटी त्या पट्टीचंच खरं केलं? केबलवाला भटू बिल न्यायला आला होता, त्याला म्हटलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, मावशी, आपण कुठे काढलंय, जपानवाल्यांनी काढलंय. मी म्हटलं, मग माझं मी काढते. बसले आणि काढलं.

तुला फसवलं त्याचं वाईट वाटतं. तुझ्या तोंडात घातलं, ते तर नकोच होतं करायला. पण शेवट बदलला याची माफी मी मागणार नाही, तुझीही नाही आणि जपानवाल्यांचीही नाही. माझ्यासमोर चुकीचं भोक आलं की माझा हात कागदाकडे जातो. तेवीस वर्षांची सवय आहे.

कॉलेजला मी काहीही कळवणार नाही. तुझी जागा आहे, तुझं नाव यादीत सातवं आहे. भटूला पाठवून बघून घेतलं. हवं तर माझ्याशी बोलू नकोस, पण माझ्या घरी राहून बोलू नकोस. निंबाच्या तापाचं दोन ओळींत का होईना, कळव.

आत्या

*

निमगूळ
१९ जुलै १९९८

ती. इंदुताईस निंबाचा शि. सा. न.

अक्षर लागत नसेल तर रागावू नको. चौथीनंतर पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. पोर लिहून देते म्हणत होती, पण हे मला माझ्या हातानंच लिहायचं होतं.

मलेरिया निघाला. गोळ्या चालू आहेत, दोन दिवस झाले ताप नाही, काल भाकरी खाल्ली. गुरुजी बघायला आले होते. म्हणाले, निंबा, सही केल्याचं हे फळ. मी म्हटलं, "गुरुजी, गावात अकरा जणांना मलेरिया आहे. त्यांनी कशावर सही केली?" गुरुजींनी चहा घेतला नाही.

ताई, आता तुला एक सांगतो. मी २८ तारखेला दोंडाईचाला बियाण्याला गेलो नव्हतो. म्हणजे बियाणं आणलं, पण गेलो होतो ते तुझं कार्टून बघायला. पत्र यायला चार दिवस लागतात, तेवढा दम निघेना. बियाण्याच्या दुकानात टीव्ही आहे. शेठला म्हटलं, ते तीन चंद्रवालं लाव. तो हसला, पण लावलं. मी पोत्यावर बसून सगळं पाहिलं. म्हाताऱ्याची राख झालेली पाहिली.

मग चार दिवसांनी तुझं पत्र आलं. पोर वाचत होती, टिकली, खोकणारं यंत्र, चहा, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला माहीत होतं की तू थाप मारतेस. सही मी त्यानंतर केली आहे.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, आणि रुपालीनंही पोरीला सांगितली नाही. मियोचा हात दरवाजापाशी थांबतो. तेव्हा तो म्हातारा नावेतून उतरतो, लंगडत येतो, तिच्या हातावर आपला हात ठेवतो आणि दरवाजा तो लोटतो. राख होताना तो हसत होता, ताई. मी त्या पोत्यावर बसून विचार केला की एवढं एका कागदावरच्या माणसाला जमतं, आणि मी सतरा वर्षं नदीला भिऊन पोरीला काठावर बसवून ठेवलं.

तू म्हणतेस, लिहिलेलं खोटं असतं. असेल. तू शिकलेली आहेस. मला वाटतं, खरं असलं तरी काय? दरवाजा तर उघडायचाच आहे. आणि लोकांनी तिला काही म्हणायचंच असेल तर म्हणू दे की बापानं स्वतः हात धरून नेलं होतं.

पोरीला हे पत्र वाचायला दिलं आहे. माझ्या चुका दुरुस्त करते आहे आणि नाक ओढते आहे. सरलानं ट्रंक भरायला घेतली आहे, त्यात तुझ्यासाठी उडदाचे पापड आहेत.

आम्ही सोमवारी, ३ ऑगस्टच्या गाडीनं येतो, दोघं. दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजात मीच नेणार, रिक्षानं नाही, चालत. माझा गुडघा दुखरा आहे, म्हणून विचारतो: तापीच्या पुलावर पायी चालणाऱ्याला जागा कोणत्या बाजूनं आहे, आणि मध्ये टेकायला कठडा आहे का? माया आहेच, ती तशीच असू दे. फक्त एवढं लिहून लगेच टपालात टाक. तुझ्या पत्राची वाट बघतो आहे.

तुझा
निंबा