जांभळाच्या सात बाटल्या

२६ मे १९९६, रविवार. वरसे.
आजपासून वाइन. निश्चय पक्का. रोह्याच्या बाजारातून पाच किलो जांभळं आणली. यीस्ट अब्दुलच्या बेकरीतून. कशाला म्हणाला, केक म्हटलं. जानेवारीत कंपनीत आलेल्या जर्मन साहेबाने मला एक घोट दिला होता. तेव्हाच ओळखलं, आपल्याला यातलं कळतं. आख्ख्या रोह्यात दुसऱ्या कुणाला कळत नाय. वर्षअखेर प्रत्येक बाटलीला मार्क देणार. बायको अनिता म्हणते, मार्क नंतर द्या, आधी माझं पातेलं द्या.

९ जून
सरबताच्या सात रिकाम्या बाटल्या धुऊन भरल्या. नंबर टाकले. बुचं ठोकून बसवली. माळ्यावर ठेवल्या.

१५ जून
शेजारच्या ब्लॉकमध्ये भाडेकरू आले. काळुराम भोईर. माणूस भला. सामान चढवायला मदत केली. कपाट उचलताना सहज विचारलं, नोकरी कुठे? म्हणाले, एक्साइजला सबइन्स्पेक्टर. दारूच्या धाडी. कपाट माझ्या पायावर पडलं.

१६ जून
अंगठा सुजलाय. त्याच अवस्थेत भोईर साहेबांना विचारलं, घरच्या घरी पिण्यापुरती केली तर? म्हणाले, बिनपरवाना म्हणजे केस. माणूस ओळखीचा असला तरी सोडत नाय. जेवण गेलं नाही. अटक, बेड्या, कंपनीतून डिसमिस, पोरीच्या, प्रतिक्षाच्या, शाळेत बोभाटा! अनिता म्हणाली, मग ओतून टाका. मी म्हटलं, मी कुणाच्या बापाला घाबरत नाय. हळू म्हटलं. भिंत एकच आहे.

२ जुलै
हाफ डे टाकून पेणला वकिलाकडे. मित्रासाठी विचारतोय, असं सांगितलं. मित्राचं नाव विचारलं तेव्हा गडबडीत कमळाकर सांगितलं. माझंच. वकील म्हणाले, मित्राला सांगा, काळजी घ्या.

१४ जुलै, दुपारी १
नंबर दोन फुटली. धडाम! भोईर साहेब बनियनवर धावत आले. कुकर म्हटलं. कुकर माळ्यावर? व्हय म्हटलं, खाली जागा नाय. तेवढ्यात वरून जांभळं पाणी त्यांच्या खांद्यावर ठिबकलं. त्यांनी बोटाने पुसलं, वास घेतला आणि घरी गेले.

११ ऑगस्ट, रविवार
माल हलवला. मेहुणा प्रविण याचा पेणजवळ जोह्याला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. तिथे रंगाचे शंभर डबे, शंभर बाटल्या, कोण बघतो? पाच बाटल्या पिशवीत घालून एसटीने निघालो. पेणच्या अलीकडे नंबर सातचं बूच उडालं. कंडक्टरने टायर फुटला म्हणून गाडी थांबवली. सगळे खाली उतरले. मीही उतरून टायर बघितला. पँट ओली, मान खाली. बाकी चार प्रविणच्या हवाली केल्या. नंबर पाच टेस्टिंगसाठी घरीच, तांदळाच्या डब्यात.

१५ ऑगस्ट
भात जांभळट. अनिता म्हणाली, तांदूळ नवीन आहे.

६ ऑक्टोबर, रविवार
दारं-खिडक्या लावून नंबर पाच उघडली. अहाहा! किंचित आंबट, मग गोड, शेवटी जिऱ्याचा हलका भास. जर्मनीतही असंच असणार. दोन घोटांत पाय तरंगायला लागले. सासूबाई धोंडुबाई आल्या होत्या. त्यांनी दोन ग्लास रिचवले, वर म्हणाल्या, अजून हाय काय गो? त्यांना काहीच झालं नाही. जुनी हाडं. अनिता पदर तोंडाला लावून आत गेली. वासाने असेल. मार्क दहापैकी साडेनऊ. चतुर्थांश बाटली वर्षअखेरसाठी राखून ठेवली.

२९ डिसेंबर, रविवार
जोह्याहून बाटल्या परत आणायला गेलो. दोनच उरल्यात, एक आणि सहा. नंबर तीन आणि चारने प्रविणने सीझनमध्ये रंगाचे ब्रश धुतले. म्हणाला, भाऊजी, असं लिक्विड पेणमध्ये मिळत नाय, पुढच्या वर्षी पंधरा लिटर द्या. अडाणी माणूस. येताना गाडीत प्रत्येक खाकी कपडा बघून पिशवी सीटखाली ढकलली.

३१ डिसेंबर
सगळं सविस्तर लिहितो.
संध्याकाळी सातला तिन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या, वही उघडली आणि दार वाजलं. भोईर साहेब. युनिफॉर्ममध्ये! त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सगळं कबूल केलं. जांभळं, कुकर, जोहे, वकील. अब्दुलच्या यीस्टचंसुद्धा सांगितलं. बायकोपोरीला यातलं काही माहीत नाय म्हटलं. अनिता तिथेच उभी होती. साहेब म्हणाले, मी घराची किल्ली ठेवायला आलो होतो, आज नाक्यावर ड्युटी आहे.
मग नाइलाजाने साहेबांनीच नंबर एक उघडली. वास घेतला. थेंबभर चाखली. डोळ्यांतून पाणी. नंबर सहाचंही तेच. म्हणाले, कमळाकरराव, ही दारू नाय. हे व्हिनेगर. केस होत नाय.
जीव भांड्यात पडला. मिनिटभर. मग म्हटलं, साहेब, नीट बघा, सहामध्ये थोडी तरी असेल. नाय म्हणाले. निदान जप्त तरी करा म्हटलं. ते हसले. शेवटी इरेला पेटून नंबर पाच पुढे केली. म्हटलं, याच्यावर तरी केस होईलच. ते गटागटा प्यायले आणि म्हणाले, वहिनी, कोकमच्या सरबतात जिरं भाजून घातलंत काय?
अनिता व्हय म्हणाली. पाच नंबर ऑगस्टमध्येच डब्यात फुटली होती. मला वाईट वाटेल म्हणून तिने दुसऱ्या बाटलीवर पाच नंबर टाकून त्यात सरबत भरून ठेवलं होतं.
साहेब जाताना मिरच्या मुरवायला नंबर सहा घेऊन गेले.
निकाल. सर्वात निराशाजनक: एक, दोन, तीन, चार, सहा, सात. सर्वोत्तम: नंबर पाच. साडेनऊ मार्क तसेच ठेवलेत, नाव फक्त अनिताचं घातलं.
सहा महिने भीतीने वाळलो, आणि माझ्या हातून गुन्हासुद्धा धड झाला नाय.