बारशाआधी नेट आलं
मंगळवार, दिवस मावळताना

व्हय, आलं बाई एकदाचं नेट. कंपनीतली पोरगी चार दिवस फोनवर "चोवीस तासांत येईल" म्हणून राहिली. मी म्हनलं, "माय, तुमचे चोवीस तासबी अनलिमिटेड हायेत का?" हसली ती. आज वसमतहून वायरवाला आला, तो बराबर वक्तावर. तिकडं पुण्यात लेकीच्या घरी बारसं सुरू झालं. गुडघ्यापायी मला जाता न्हाई आलं, पण फोनात पाळणा दिसला, नात दिसली. जांभईबी माझ्यावानीच देती!

वायर जोडताना त्यानं इचारलं, "मावशी, तुटली कशी?"

"माकडं आली व्हती."

खोटं काहून बोलले? वायरीवर वली गोधडी मीच वाळत घातली व्हती.