नांगी वाढली, अंग नाही

५ फेब्रुवारी, सोमवार
मागच्या सोमवारी ‘झिंगे वाढले’ असं लिहिलं, ते चूक. पट्टी नांगीच्या टोकापासून धरली होती. डोळ्यापासून शेपटीपर्यंत मोजायचं, हे आण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. आज तसं मोजलं. दिवाळीला होते तेवढेच आहेत. नरांच्या नांग्या तेवढ्या लांब, निळ्या झाल्यात. आण्णांच्या हातात एक दिला. त्यांना आता दिसत नाही. शेपटी दाबून पाहिली.
“पोकळ हाय, बाई. नुसतं कवच.”

८ फेब्रुवारी, गुरुवार
मच्छीमार संस्थेच्या चेअरमनला, महादूकाकांना, चूक सांगितली. माझ्या मापावरच त्यांनी तलावात जाळं ओढायचं पुढं ढकललं होतं. हसले.
“तुजं माप चुकलं. झिंगे कशाला चुकतेत? वाढतील.”
पाणी उतरतंय, मी म्हटलं.
“मग जाळं कोन वढनार? निम्मं गाव उसाला गेलंय.”
खरं आहे. आणि इथला नेम असा, की जाळ्याच्या दोराला ज्याचा हात लागला त्याच्याच घरी वाटा. आत्ता ओढलं तर तोडीवर गेलेल्यांना शेपूटसुद्धा मिळायची नाही. थांबलं तर झिंगेच उरायचे नाहीत.

१४ फेब्रु., बुधवार
पाणी आणखी आत गेलं. टोपलीत नमुना घेतला. कवचांवर शेवाळ धरलंय, म्हणजे कात टाकणंच थांबलं. एखाद्यानं टाकलीच तर तो मऊ असतानाच बाकीचे खातात. आज असा एक अर्धा मिळाला. पेंड टाकावी तर पाणी नासतं. न टाकावी तर हे. वजन केलं, पण लिहायला मन होईना. लिहिलं. कमीच आहे.

१९ फेब्रु., सोमवार
शेजारच्या कौसाकाकूंचा नवरा आणि मुलगा दोघं तोडीवर. काकूंना फोन लावून दिला. काका म्हणाले, “आमी येईस्तोवर थांबा. मुकादम सोडीना.”
फोन ठेवल्यावर काकू तांदूळ निवडायला बसल्या. मग म्हणाल्या, “दोराला मी हात लावला तर गं? घर तर त्येच हाय.”
बाया इथं दोर धरत नाहीत. विकायला बसतात.
घरी आण्णांना विचारलं. “आसं कदी झालं न्हाई,” म्हणाले. जेवून उठताना परत, “झालंच तर पोरीला आवरलं न्हाई म्हनून लोक मला बोलतील. बोलू दे.”

२१ फेब्रु., बुधवार
सकाळी झिंगे काठाला येऊन पडले होते. हात लावला तरी पळेनात, पाण्यात हवा उरली नाही. महादूकाकांना बोलावून दाखवलं. त्यांनीही एक उचलून शेपटी दाबून पाहिली. पण बायांनी दोर धरायचं काढल्यावर म्हणाले, “वढा. आडवत न्हाई मी. पर वाटा आत्ता मानायचा न्हाई. पाडव्याला बैठकीत बगू.”
पाडव्यापर्यंत या तलावात चिखल असेल.
कौसाकाकू धरून चौघी येतो म्हणाल्या. बाकीच्या दारात उभ्या राहून ऐकून घेतात. एक म्हणाली, “मालकाला इचारते.” मालकाचा फोन लागत नाही.
अंगात मांस नाही, बाजारात कोण हात लावेल माहीत नाही. वाटा मानतील का, तेही नाही. आणि मी या वेळी बरोबर मोजलंय ना, म्हणून आज दोनदा मोजलं.
आण्णा म्हणाले, जाळं ओढताना मला तलावाच्या बांधावर नेऊन बसव.
ठरलं. परवा शुक्रवारी, २३ फेब्रुवारीला, उजाडल्यावर जाळं टाकायचं.