मारली नाही, ठेवली!

शनिवार, १४ जानेवारी २००६, झूटरमेर

आज आइस हॉकीच्या सरावात रेवाने जाळीमागून चकती काठीवर अलगद उचलली आणि गोलच्या वरच्या कोपऱ्यात ठेवली. मारली नाही, ठेवली! मी ओरडलो, "अगं, विटीसारखी कोललीस की!"

"कोललीस म्हणजे? बाबा, दॅट्स द मिशिगन!"

बसमध्ये सांगत होती, मिशिगनमधल्या एका कॉलेजच्या खेळाडूने असा गोल केला आणि तो जगभर गाजला. पण तो ही युक्ती दुसऱ्याच कुणाकडून शिकला होता. त्याचं नाव? रेवाला आठवेना.

पण चकती पडली कशी नाही?

आणि मला कोलायला कोणी शिकवलं? चेहरा दिसतोय, नाव नाही. मनगट मात्र आत्ताही, हे लिहितानाही, त्याच्यासारखंच वळतंय.