न सापडलेल्या विभागाचं पाणी

प्रिय छकुली,

छत्तीस वर्षांच्या, हाताखाली सहा माणसं असलेल्या बाईला अशी हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. आज मारू दे.

रविवारी तुझ्याकडून परतल्यापासून मन थाऱ्यावर नाही. गेल्या सुट्टीत मी पिटुकलीला आमच्या तिसरीच्या पुस्तकातली झऱ्याची कविता शिकवली होती. सात वर्षांची पोर, पण दोन दिवसांत बाराच्या बारा ओळी घडाघडा म्हणायला लागली, आणि मी एक शब्द मुद्दाम चुकवला तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, पाठ करून या!" या रविवारी तीच चौथ्या ओळीवर थांबली. मी पुढचा शब्द सुचवला, तर तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मग पोट धरून सोफ्यावर आडवी झाली. तू स्वयंपाकघरातून ओरडलीस, "नाटकं आहेत बाबा, उद्या गणिताचा पेपर आहे, तुमच्यावरच गेलीय!" मी हसलो. निघताना नेहमीसारखी तुझ्या नळावर बाटली भरून घेतली. तिने दारात टाटा केला, तेव्हा तिचा हात किती बारीक झालाय, ते दिसलं. विसरणं, पोटदुखी, वाळत जाणं: शिशाची लक्षणं म्हणून खात्यात आम्ही हेच पाठ केलं होतं.

तू तिच्याएवढी होतीस तेव्हा शाळेतून परस्पर माझ्या ऑफिसात यायचीस. पाणी तपासणी खात्याची ती लांबोडकी खोली, खिडकीत वाळत घातलेल्या काचेच्या बाटल्या, कोपऱ्यात घरघरणारा संगणक. तुला मी सांगायचो की शहराचं सगळं पाणी या डब्यात आकडे होऊन बसलंय. एक मोठा ठोकळा आहे म्हण. त्याच्या लांबीवर शहराचे विभाग, रुंदीवर महिने, उंचीवर तपासण्या: गढूळपणा, जंतू, शिसं. कुठलाही कोपरा कापून बघता येतो, फक्त नीट विचारायला हवं. तू विचारलंस, "केकसारखा?" तेव्हापासून खात्यात सगळे त्याला केकच म्हणायला लागले.

आधी आम्ही दर महिन्याला, दर विभागासाठी नवा प्रश्न लिहायचो. क्वेरी म्हणतात, ती. शंभर विभाग, शंभर प्रश्न, शंभर चुका. मग एकदा मला शाळेतल्या पेपरातल्या गाळलेल्या जागा आठवल्या. प्रश्न एकदाच लिहायचा आणि विभाग, महिना, तपासणी एवढ्या तीन जागा रिकाम्या सोडायच्या. ज्याला जे हवं ते त्याने भरावं. खरं सांगतो, माझ्या हातून झालेली ती एकमेव कविता. लोक तिच्या प्रती करून न्यायला लागले. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेतला केमिस्ट म्हणाला, "तू जा खुशाल, तुझी क्वेरी इथेच नोकरी करील." आणि तू त्याच खात्यात रुजू झालीस, पहिल्याच दिवशी फोन करून म्हणालीस, "बाबा, अजून तुमचीच चालते, आम्ही नुसत्या जागा भरतो." फोन ठेवून मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो होतो.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. तेव्हाच्या मोठ्या साहेबांना बैठकीत पडद्यावर लाल अक्षरं दिसलेली खपत नसत. कुणी विभागाचं नाव जरा चुकीचं भरलं, की 'विभाग सापडला नाही' असं यायचं आणि साहेब माझ्याकडे वळून म्हणायचे, "पंडित, तुमच्या कवितेचं यमक जुळेना वाटतं!" सगळे हसायचे. तिसऱ्यांदा हसले त्या दिवशी दुपारी मी एक ओळ वाढवली. पुन्हा लाल अक्षरं कधी आली नाहीत. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, आता कशी गाडी रुळावर आली.

सोमवारी मी फोन केला आणि पोरीला नळाचं पाणी देऊ नकोस म्हणालो, तेव्हा तू खळखळून हसलीस. "बाबा, तुमचीच क्वेरी सांगतेय, आमच्या विभागात शिसं नावाला नाही." मी हट्ट धरला म्हणून तू तीन महिन्यांचे आकडे वाचून दाखवलेस. फोन ठेवून मी संपूर्ण शहराचं मासिक पत्रक काढलं. तिन्ही महिन्यांची शहराची सरासरी आणि तुझे आकडे तंतोतंत एक, दशांश चिन्हानंतर तिसऱ्या घरापर्यंत. दोन शेजारच्या नळांचं पाणीसुद्धा इतकं जुळत नाही गं.

ती ओळ अशी होती: भरलेला विभाग यादीत सापडला नाही, तर गप्प राहा आणि त्याच्या जागी साऱ्या शहराचा आकडा दे. यादी माझ्या काळातली, मी हाताने लिहिलेली. तुमचा विभाग तीन वर्षांपूर्वी कापून वेगळा केला, तो तिच्यात नाही. तुमच्याकडचे नमुने तपासले जातात, त्यांचे खरे आकडेही त्या ठोकळ्यात पडून आहेत, पण तीन वर्षांत प्रश्न तिथवर पोहोचलेलाच नाही. माझ्यानंतर झालेले असे अकरा विभाग आहेत.

हे सोमवारीच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. तू किती कौतुकाने 'तुमचीच क्वेरी' म्हणालीस! काल ती बाटली घेऊन प्रयोगशाळेतल्या त्याच केमिस्टकडे गेलो. तो म्हणाला, बाटलीचा भरवसा नाही, आणि स्वतः जाऊन तुमच्या इमारतीच्या नळाचं पाणी घेऊन आला. आज सकाळी त्याने कागद हातात दिला, नेहमीसारखी थट्टा केली नाही. शिशाची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम आहे, तुमच्या नळाला अठ्ठावन्न. जुन्या कारखान्याची शिशाची वाहिनी तुमच्या वसाहतीला जोडली असावी, असं त्याला वाटतं. तू पाणी उकळून देतेस ना? शिसं उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. सोमवारपासून पिटुकली किती पेले प्यायली असेल, ते मी दोन दिवस मोजतोय.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू दार उघडशील, हसशील आणि मी पुन्हा गप्प बसेन, म्हणून लिहून आणलंय. सोबत तपासणीचा कागद आहे, आणि ती ओळ कुणी लिहिली, कधी, कशासाठी, ते माझ्या सहीनिशी लिहिलेला दुसरा. तो दुपारी तुझ्या साहेबांच्या टेबलावर ठेव. अकरा विभागांतल्या घरोघरी, ज्याचे खरे आकडे कुणी पाहिलेच नाहीत ते पाणी आत्ता पेल्यात ओतलं जात असेल. मला जे बोलायचं ते नंतर बोल, जन्मभर बोल. आधी पोरीच्या पायात चप्पल घाल. डॉक्टरांना फोन केलाय, रक्त तपासायला ते थांबलेत. खाली गाडी उभी आहे.

तुझाच, दारात उभा असलेला,
बाबा